परका प्रोग्राम आणि घरचे दप्तर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या वकीलसाहेबांचे उभे आयुष्य दस्तऐवजांत गेले. कोणत्या कागदाने कोणास किती अधिकार पोचतो, तो कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हाच त्यांच्या व्यवसायाचा गाभा होता. मी संगणकाच्या धंद्यातला मनुष्य. कायद्याशी माझा संबंध भाडेकराराच्या पलीकडे गेलेला नाही. तरीही आजच्या विषयाची निवड करताना मला फारसा विचार करावा लागला नाही, कारण गेली तीस वर्षे ब्राउझर बनविणारे लोक ज्या प्रश्नाशी झगडत आहेत, तो तांत्रिक वेषात वावरत असला तरी मुळात अधिकारपत्राचाच प्रश्न आहे.

प्रश्न थोडक्यात असा. आपण ब्राउझरमध्ये एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा ते सातासमुद्रापलीकडच्या सर्व्हरवरून चित्रे आणते, नकाशे आणते, हवामानाचे अंदाज आणि बाजारभाव आणते. परंतु आपल्या संगणकात आपणच काल संध्याकाळी टंकलेले पत्र ते आपण होऊन उघडू शकत नाही, त्या पत्राचे नावही त्यास कळत नाही, आणि असे पत्र मुळात आहे किंवा नाही एवढे विचारण्याचीसुद्धा त्यास मुभा नाही. नव्याने प्रोग्राम लिहिण्यास शिकलेला विद्यार्थी या ठिकाणी प्रथम अडखळतो, मग चिडतो, आणि ब्राउझरवाल्यांनी आपल्याच मालमत्तेस आपल्याला पारखे केले अशी तक्रार करतो. कचेरीत बसून दिवसभर दाखले संकेतस्थळावर चढविणारा कारकूनही दर खेपेस तेच फोल्डर उघडून तीच फाइल पुन्हा निवडावी लागते म्हणून कपाळाला हात लावतो. तक्रार खोटी नाही. मात्र तिचे उत्तर शोधावयाचे तर संगणकापुढे बसलेला मनुष्य आणि त्याच्या नावाने वावरणारा प्रोग्राम हे दोन निराळे पक्ष आहेत, हे आधी कबूल करावे लागते. आणि हे कबूल करण्यास संगणकशास्त्राने पुष्कळ काळ घेतला.

एक अजस्र यंत्र अनेकांनी वाटून वापरावयाचे, अशा काळात फायलींच्या संरक्षणाची कल्पना जन्मास आली, आणि तिचा हेतू एवढाच होता की एकाच्या दप्तरास दुसऱ्याचा हात लागू नये. युनिक्ससारख्या प्रणालींनी हा बंदोबस्त चोख केला. परंतु त्या बंदोबस्तात एक गृहीत दडलेले होते: मी सुरू केलेला प्रोग्राम तो माझाच, म्हणून मला जे वाचण्याचा आणि पुसण्याचा हक्क, तो त्यासही. प्रोग्राम विद्यापीठातल्या सहकाऱ्याने लिहिलेला किंवा मोहोरबंद खोक्यातून विकत आणलेला असे तोवर हे चालून गेले. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली एका दीर्घ प्रबंधात, प्रत्येक प्रोग्रामास त्याच्या कामापुरताच अधिकार असावा, हे तत्त्व स्वच्छ शब्दांत मांडून ठेवले होते. ते वर्गांत शिकविले गेले, परीक्षांत विचारले गेले, आणि घरोघरच्या संगणकांत मात्र फार थोडे उतरले.

येथे नॉर्म हार्डी यांनी १९८८ साली छापलेली एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही, कारण आजच्या व्याख्यानाचे मर्म तीत आहे. टाइमशेअर या अमेरिकन कंपनीच्या सामायिक संगणकावर फोर्ट्रान भाषेचा एक कम्पायलर, म्हणजे त्या भाषेतला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरविणारा प्रोग्राम, होता. कोणी त्याचा कितपत वापर केला याची नोंद त्यास प्रणालीच्या एका फोल्डरात लिहावयाची असल्यामुळे त्या फोल्डरात लिहिण्याचा खास परवाना त्यास दिलेला होता. त्याच फोल्डरात गिऱ्हाइकांच्या बिलांची फाइलही राहत असे. आता, कम्पायलर वापरणाऱ्यास आपला काही मजकूर कोणत्या फाइलीत उतरवावा हे सांगण्याची सोय होती. एका गिऱ्हाइकाने त्या जागी बिलांच्या फाइलीचेच नाव दिले. गिऱ्हाइकास तेथे लिहिण्याचा अधिकार मुळीच नव्हता. कम्पायलरला होता. त्याने निमूटपणे बिलांवर मजकूर उतरविला आणि हिशेब गडप झाला. कोठलेही कुलूप फुटले नाही, कोणी खोटी ओळख सांगितली नाही, प्रणालीच्या दृष्टीने सारे रीतसर घडले. फक्त, आपण हे काम कोणाच्या अधिकाराने करीत आहोत, स्वतःच्या की गिऱ्हाइकाच्या, हे कम्पायलरला ओळखता आले नाही. हार्डी यांनी त्यास गोंधळलेला मुखत्यार ठरविले.

मुखत्यार म्हटले की येथील अनेकांच्या ध्यानात खास मुखत्यारपत्र आणि कुलमुखत्यारपत्र यांतला भेद लगेच येईल. अमुक गटाच्या अमुक खरेदीखतावर माझ्या वतीने सही करावी, एवढेच लिहून दिले तर मुखत्याराच्या हातून होणारे नुकसान त्या खतापुरते राहते. ‘माझ्या सर्व स्थावरजंगमाचा कारभार पाहावा’ असे लिहून दिले की त्याच्या लबाडीसच नव्हे, तर त्याच्या भोळेपणासही सीमा उरत नाही. जुन्या प्रणालींवर सुरू होणारा प्रत्येक प्रोग्राम जन्मतःच आपले कुलमुखत्यारपत्र खिशात घालून येत असे. ब्राउझरच्या इतिहासाकडे हे पत्र काढून घेऊन त्याऐवजी खास मुखत्यारपत्रे देण्याचा खटाटोप म्हणून पाहिले, तर त्यातली पुष्कळशी विक्षिप्त वाटणारी वळणे समजू लागतात.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या संशोधनसंस्थेत पहिला ब्राउझर लिहिला तेव्हा तो नुसता वाचण्याचे साधन नव्हता. त्यात पाने लिहिता येत, दुरुस्त करता येत आणि आपल्या यंत्रावर जपून ठेवता येत. पाने निर्जीव होती, म्हणून भय नव्हते. १९९५ साली चित्र पालटले. त्या एका वर्षात पानाबरोबर येऊन चालणारे जावा ॲपलेट नावाचे लहान प्रोग्राम आले, आणि नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत सिद्ध केलेली, पुढे जावास्क्रिप्ट म्हणून ओळखली गेलेली भाषाही आली. पान आता केवळ मजकूर राहिले नाही; ते चालणारा प्रोग्राम झाले. आपण दुव्यावर बोट दाबतो त्या क्षणी कोण्या अनोळखी माणसाने लिहिलेल्या आज्ञा आपल्या यंत्रावर चालू लागतात, त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही, काही बसवावे लागत नाही, आणि दिवसाकाठी असे शेकडो प्रोग्राम येऊन जातात. त्या सर्वांस युनिक्सच्या न्यायाने ‘हे यांचेच’ म्हणून दप्तर मोकळे करून देणे म्हणजे वेडेपणा झाला असता. म्हणून जावास्क्रिप्टच्या पहिल्या आवृत्तीस फाइल उघडण्याची आज्ञाच दिली गेली नाही. जी शक्ती नाही ती बहकत नाही, हे यातले शहाणपण.

मायक्रोसॉफ्टने १९९६ साली ॲक्टिव्हएक्सच्या रूपाने याच्या उलट वाट धरली. संकेतस्थळावरून येणाऱ्या त्या घटकांस यंत्राचा जवळजवळ पूर्ण ताबा मिळे. रक्षण काय ते कर्त्याच्या डिजिटल स्वाक्षरीचे आणि वापरकर्त्याने ‘होय’ म्हणण्याचे. १९९७ च्या आरंभी हॅम्बुर्गच्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेतील मंडळींनी जर्मन दूरचित्रवाणीवर असा एक घटक चालवून दाखविला. तो गुपचूप क्विकन या हिशेबाच्या प्रोग्रामात शिरून पैसे वळते करण्याचा हुकूम लिहून ठेवी. कर्ता कोण हे ठाऊक असणे आणि तो काय करील हे ठाऊक असणे यांत केवढे अंतर आहे, ते त्या प्रात्यक्षिकाने उघड झाले. पुढे विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने, २००४ साली, या मोकळिकीस बराच आवर घातला. त्या कथेचा अधिक विस्तार करीत नाही.

आता मुख्य नियमाकडे येऊ. नेटस्केपने १९९६ च्या सुमारास असा दंडक घातला की एका उगमाचा प्रोग्राम दुसऱ्या उगमाचा मजकूर वाचू शकणार नाही. उगम म्हणजे तीन गोष्टींचा संच: पान कोणत्या पद्धतीने आले, कोणत्या यजमान यंत्रावरून आले आणि त्याच्या कोणत्या पोर्टमधून, म्हणजे कोणत्या क्रमांकाच्या दारातून, आले. या तिन्ही जुळल्या तर इलाखा एक. एक जरी चुकली तरी परका मुलूख. बँकेचे पान आणि शेजारच्या टॅबमधले जाहिरातीचे पान एकाच ब्राउझरात सुखाने नांदतात ते या दंडकाच्या बळावर. परंतु संगणकातल्या फाइलीस यजमान यंत्राचे नाव नसते, पोर्ट नसते. मग तबकडीवरचे पान आपण दोनदा टिचकी मारून उघडले तर त्याचा उगम कोणता मानावा?

सर्व स्थानिक फायली एकाच इलाख्यातल्या, असा भोळा न्याय काही काळ चालला, आणि त्याचा परिणाम असा होई की इंटरनेटवरून उतरवून घेतलेले एखादे पान घरात उघडताच ते घरच्या इतर फायली वाचू शके. फायरफॉक्स या ब्राउझरच्या तिसऱ्या आवृत्तीने २००८ साली ही मोकळीक त्या पानाच्या फोल्डरापुरती आणि त्याच्या पोटातील फोल्डरांपुरती आखडली. तडजोड वाजवी दिसत होती, पण आपण उतरवून घेतलेली पाने आणि आपण उतरवून घेतलेले बँकेचे उतारे एकाच ‘डाउनलोड्स’ फोल्डरात पडून असतात ही साधी गोष्ट तीत लक्षात घेतली गेली नव्हती. २०१९ च्या जुलैत, अडुसष्टाव्या आवृत्तीपासून, फायरफॉक्सनेही गूगलच्या क्रोमप्रमाणे प्रत्येक स्थानिक फाइल हा स्वतंत्र उगम मानण्यास आरंभ केला. शेजारची फाइलदेखील आता परकी. आपल्या पानाजवळच ठेवलेली माहितीची फाइल पानास वाचता येत नाही म्हणून तांबड्या अक्षरांतला इशारा पाहून बावचळणाऱ्या विद्यार्थ्याच्या त्राग्याचे मूळ हे आहे. त्याचे शिक्षक त्यास लहानसा स्थानिक सर्व्हर चालू करावयास सांगतात, आणि तोच मार्ग योग्य; क्रोममध्ये हा निर्बंध उठविण्याचे एक कळसूत्र आहे, ते वापरून काम भागविण्याचा सल्ला देणाऱ्यांचे मात्र ऐकू नये.

पण लोकांस फायली पाठवावयाच्या तर असतातच. त्याची तजवीज चकित करण्याइतकी लवकर झाली. झेरॉक्स कंपनीतील अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर यांनी १९९५ च्या नोव्हेंबरात इंटरनेटच्या मानकमालिकेत १८६७ क्रमांकाचे एक टिपण प्रसिद्ध केले आणि अर्जाच्या पानावर फाइल जोडण्याची सोय सुचविली. आज दाखल्याचा अर्ज भरताना ‘फाइल निवडा’ हे जे बटण आपण दाबतो, ते त्याच टिपणाचे अपत्य. त्यात सुरक्षेविषयी जे थोडके लिहिले आहे त्याचा आशय असा की वापरकर्त्याने स्वतः स्पष्टपणे सांगितली नसेल ती फाइल ब्राउझरने कदापि पाठवू नये. हे वाक्य मला फार मोलाचे वाटते, कारण त्यावर उभी राहिलेली रचना हार्डींच्या कोड्यास नेमके उत्तर देते. पान फाइलीचे नाव सांगत नाही. सांगूच शकत नाही. निवडीची खिडकी पान उघडत नसून त्याच्या विनंतीवरून ब्राउझर उघडतो; तीत कोणती फोल्डरे दिसतात, कोणत्या फायली आहेत, यातले काही पानास कळत नाही; आणि आपण एका फाइलीवर बोट ठेवले की तेवढी एक फाइल पानाच्या हाती पडते. ‘परवानगी देता काय?’ असा निराळा प्रश्न येथे कोणी विचारीत नाही. काम करणे आणि अधिकार देणे या दोन क्रिया नसून ती एकच क्रिया आहे. एका खतापुरते मुखत्यारपत्र याहून नेटके लिहिता येणार नाही, आणि ते लिहिताना सामान्य मनुष्यास आपण काही कायदेशीर कृत्य करीत आहोत याची जाणीवही होत नाही.

या रचनेच्या पोटात एक गंमत राहून गेली आहे. जुने काही ब्राउझर निवडलेल्या फाइलीचा संपूर्ण मार्ग पानास सांगत. त्या मार्गात पुष्कळदा वापरकर्त्याचे नाव असे, कधी अशिलाचे, कधी आजाराचेही. ते बंद करावयाचे ठरले तेव्हा असे आढळले की मार्गाच्या शेवटून नाव तोडून घेणारी कितीतरी संकेतस्थळे अगोदरच लिहून झाली आहेत. ती मोडू नयेत म्हणून ब्राउझर आजही प्रत्येक फाइलीच्या नावामागे ‘सी’ तबकडीवरील ‘फेकपाथ’ नावाच्या, जगात कोठेही नसलेल्या फोल्डराचा पत्ता जोडून देतात, मग यंत्रास ‘सी’ नावाची तबकडी असो वा नसो. मानकांच्या अधिकृत ग्रंथात ही लबाडी, ऐतिहासिक कारणास्तव म्हणून, गंभीर चेहऱ्याने नोंदलेली आहे. असत्याचा इतका सद्हेतुक उपयोग शासकीय कागदपत्रांत क्वचितच पाहावयास मिळेल.

इतका बंदोबस्त असताना तो फसला तर काय होते, याचे एक उदाहरण तपशिलाने सांगण्याजोगे आहे. २०१५ च्या ५ ऑगस्टला फायरफॉक्सच्या एका वापरकर्त्याने तो ब्राउझर बनविणाऱ्या मोझिला संस्थेस कळविले की रशियातील एका वृत्तसंकेतस्थळावरची जाहिरात यंत्रातल्या फायली शोधून बाहेर पाठवीत आहे. फायरफॉक्सच्या पोटात पीडीएफ वाचण्याचे जे साधन असते ते स्वतः जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेले आहे. परक्या पानाचा प्रोग्राम आणि हे घरचे साधन यांच्यामधल्या पडद्यातून एक छिद्र सापडले होते, आणि त्यातून जाहिरातीचा प्रोग्राम स्थानिक फायलींच्या इलाख्यात शिरत होता. त्याने काय शोधले ते पाहावे. विंडोजवर त्याने फाइलझिलासारख्या, सर्व्हरवर फायली चढविण्याच्या साधनांच्या नोंदी चाळल्या. लिनक्सवर त्याने वापरकर्त्यांची यादी, टंकलेल्या आज्ञांचा इतिहास आणि दूरच्या यंत्रांत शिरण्याच्या गुप्त किल्ल्या शोधल्या. छायाचित्रांस किंवा प्रेमपत्रांस त्याने हात लावला नाही. त्याला हव्या होत्या दुसऱ्यांच्या दारांच्या किल्ल्या. हा सर्व माल युक्रेनमध्ये असल्याचे दिसणाऱ्या एका सर्व्हरकडे रवाना होई आणि मागे काही खूण उरत नसे. मोझिलाने दुसऱ्याच दिवशी दुरुस्त आवृत्ती प्रसिद्ध केली. बातम्या वाचणे, यापलीकडे त्या वाचकांनी काहीही केलेले नव्हते.

तथापि काळ पुढे गेला आणि ब्राउझरातली कामे वाढली. पत्र लिहिणे, हिशेब मांडणे, छायाचित्रे सुधारणे, प्रोग्राम रचणे, ही सर्व कामे तेथे होऊ लागली. आणि फाइल एकदा देऊन परत उतरवून घेण्याची जुनी रीत अपुरी पडू लागली. दर वेळी ‘जपून ठेवा’ म्हटले की डाउनलोड्समध्ये त्याच पत्राची आणखी एक प्रत, तिच्या नावापुढे कंसात एक आकडा, अशी अवस्था कोणत्याही लेखकास पसंत पडणारी नव्हती. म्हणून २०२० च्या ऑक्टोबरात क्रोमने शहाऐंशीव्या आवृत्तीत नवी योजना खुली केली. तीत वापरकर्त्याने निवडलेल्या फाइलीत पानास परत लिहिता येते, आणि वापरकर्त्याने एखादे फोल्डर निवडले तर त्यातील सर्व काही वाचता येते, अनुमती मिळाल्यास लिहिताही येते. योजना आंधळी नाही. वापरकर्त्याने टिचकी मारल्यावाचून निवडीची खिडकी उघडत नाही. विंडोजच्या व मॅकच्या प्रणालींची स्वतःची फोल्डरे देता येत नाहीत. पान लिहिते ते आधी एका तात्पुरत्या प्रतीत आणि तपासणी झाल्यावरच ती मूळ फाइलीच्या जागी येते. एवढे असूनही मोझिलाने या योजनेवर हानिकारक असा शेरा मारला आणि ॲपलनेही निवडीच्या खिडक्यांचा हा भाग स्वीकारला नाही. त्यांनी त्यातला एकच भाग घेतला, त्याविषयी पुढे बोलेन.

माझे स्वतःचे मत या वादात मधोमध चिरलेले आहे, आणि ते तसेच सांगतो. एका फाइलीपुरती ही योजना मला निर्दोष वाटते. कारण लेखकाने आपले हस्तलिखित निवडून ‘यावर काम कर’ म्हटले तर त्याच हस्तलिखितात दुरुस्ती उतरविणे हे त्या आज्ञेतच आले. परंतु संपूर्ण फोल्डराची अनुमती ही निराळ्या जातीची वस्तू आहे. त्या फोल्डरात काय काय आहे हे देणाऱ्यास स्वतःसही आठवत नसते. उद्या त्यात जे पडेल तेही त्या अनुमतीत येते. आणि क्रोमच्या २०२४ मधील आवृत्तीपासून ‘प्रत्येक भेटीत परवानगी’ असाही पर्याय आलेला आहे. म्हणजे खास मुखत्यारपत्राच्या नमुन्यावर कुलमुखत्यारपत्राचा मजकूर छापण्यास आरंभ झाला. हे भय काल्पनिक नव्हे. २०२३ च्या युझनिक्स सुरक्षापरिषदेत एका संशोधकमंडळाने दाखवून दिले की फोल्डराची अशी अनुमती मिळविलेले पान, यंत्रावर काहीही न बसविता, नुसत्या टॅबमधून फायली सांकेतिक करून खंडणी मागू शकते. त्याआधीच्या वर्षी क्रोमची आणखी एक चूक दुरुस्त झाली होती: उतरवून घेतलेल्या पुडक्यात खऱ्या फाइलीऐवजी दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखविणारा दुवा घालून ठेवावयाचा, आणि ते फोल्डर वापरकर्त्याकडून संकेतस्थळास परत देववावयाचे, वापरकर्ता समजे, आपण त्यांचाच माल त्यांस परत केला, आणि जात असे त्याच्या गुप्त किल्लीची फाइल. हार्डींचा गोंधळलेला मुखत्यार तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर पुन्हा हजर.

‘वापरकर्त्यास विचारले होते, त्याने होय म्हटले’ हा बचाव मला मान्य नाही. दिवसातून अनेकदा कुकीजबद्दल, सूचनांबद्दल, ठिकाणाबद्दल ज्यास ‘होय’ म्हणावयास लावले आहे, त्याच्या पुढच्या होकारास कबुलायत मानणे हे न वाचता घेतलेल्या अंगठ्यास सही मानण्यासारखे आहे.

मोझिला आणि ॲपल यांनी स्वीकारलेला भाग असा की प्रत्येक उगमास ब्राउझरच्या पोटात त्याची स्वतःची खाजगी कोठी द्यावी. तीत त्याने वाटेल तसे लिहावे-पुसावे, बाहेरच्या फायलींशी संबंध नाही. ॲपलच्या सफारी ब्राउझरात ती २०२१ च्या अखेरीस आणि फायरफॉक्समध्ये २०२३ साली आली. अभियंत्यांच्या दृष्टीने ती उत्तम आहे, वेगवान आहे, आणि तिच्यासाठी कोणास काही विचारावे लागत नाही. परंतु त्या कोठीतला मजकूर आपल्या फोल्डरांत दिसत नाही, दुसऱ्या प्रोग्रामास उघडता येत नाही, आणि ब्राउझरची साठवण साफ केली की तोही जातो. पान परके असले तरी लेखन माझे आहे, आणि ते माझ्या दप्तरात राहिले पाहिजे. खाजगी कोठीने हा हक्क सांभाळला जात नाही.

बंदी कडक ठेवून रीतसर मार्ग न दिल्यास काय होते, हे आपल्याकडच्या अनुभवावरून पाहता येते. डिजिटल स्वाक्षरीची किल्ली यूएसबी टोकनात असते आणि फायलींप्रमाणे त्या टोकनासही पानाने परस्पर हात लावावयाचा नसतो. पूर्वी ते काम जावा ॲपलेटकडून करवून घेत. क्रोमने २०१५ साली आणि फायरफॉक्सने २०१७ साली तशा जोड-प्रोग्रामांचा आधार काढून घेतला, आणि तो काढणे योग्यच होते. पण सह्या तर व्हावयास हव्या होत्या. मग जीएसटीच्या संकेतस्थळासाठी एमसायनर नावाचा एक प्रोग्राम करदात्याच्या संगणकावर बसविण्याची पद्धत आली. तो यंत्रातल्या यंत्रात एका पोर्टवर कान देऊन बसतो आणि पान त्याच्याशी बोलते. हा प्रोग्राम ब्राउझरच्या दंडकाखाली नसतो. तो युनिक्सच्या जुन्या न्यायाने वापरकर्त्याचे कुलमुखत्यारपत्र घेऊनच चालतो. निवडीची खिडकी टाळून आपण अधिक सुरक्षित झालो नाही. अधिकाराची जागा तेवढी बदलली.

या पोर्टवर कान देण्याच्या युक्तीचे अन्यत्र झालेले उपयोग फारसे निष्पाप नाहीत. २०१९ साली उघडकीस आले की झूमने मॅक संगणकांवर असाच एक गुप्त सर्व्हर बसविला होता, आणि झूम काढून टाकल्यावरही तो मागे राहून त्यास पुन्हा बसवू शके. ॲपलने तो स्वतःच्या अधिकारात परस्पर काढून टाकला. २०२५ च्या जूनमध्ये युरोपातील संशोधकांनी दाखविले की अँड्रॉइड फोनवर मेटा आणि यांडेक्स या कंपन्यांची ॲपे अशाच स्थानिक पोर्टवर ऐकत बसत, आणि इतर संकेतस्थळांवर पेरलेले त्यांचेच प्रोग्राम त्यांस वापरकर्त्याची खूण पोचवीत. ब्राउझरात खाजगी खिडकी उघडली तरी उपयोग होत नसे. त्याच वर्षी क्रोमने, पानास स्थानिक यंत्राशी किंवा घरच्या जाळ्याशी बोलावयाचे असल्यास वापरकर्त्याची अनुमती घेण्यास आरंभ केला. म्हणजे आणखी एक प्रश्न, आणि त्यास आणखी एक घाईचे ‘होय’.

म्हणून जे सार्वजनिक संकेतस्थळे उभारतात त्यांस माझे सांगणे असे की फाइल हवी असेल तर फाइल मागावी, फोल्डर मागू नये. स्वाक्षरीसाठी किंवा छपाईसाठी बाहेरचा प्रोग्राम बसवावयास लावणे हा शेवटचा उपाय समजावा, आणि तो लावलाच तर तो काय वाचतो, कोणत्या पोर्टवर ऐकतो आणि कसा काढून टाकावा हे त्याच पानावर मराठीत छापावे. आणि श्रोत्यांनी निदान एवढे करावे: एखादे पान फोल्डर मागू लागले तर एक नवे, रिकामे फोल्डर तयार करावे, त्या कामाला लागणाऱ्या फायलींच्याच प्रती त्यात ठेवाव्यात आणि तेवढेच त्याच्या हवाली करावे, काम संपले की पत्त्याच्या पट्टीशेजारच्या खुणेवर टिचकी मारून दिलेली अनुमती परत घ्यावी. दोन मिनिटांचे काम आहे, आणि त्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.